गाठीतील प्रतिकारपेशी आणि जनुकांचे आकडे: या चुका टाळा

नागपुरात कर्करोगावर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती तोंडाच्या कर्करोगाचे नमुने हमखास येतात, आणि त्यामागे खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) आहे हे येथे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. अशा गाठीत कर्कपेशींबरोबरच टी पेशी, बी पेशी, मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल या प्रतिकारपेशी आणि रक्तवाहिन्यांच्या आणि संयोजी ऊतींच्या पेशीही असतात. संपूर्ण तुकड्यातून आरएनए (चालू जनुकांवरून पेशीत तयार होणारी प्रत) काढून जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे कोणते जनुक किती चालू आहे हे, मोजली, की हाती येणारा प्रत्येक आकडा या सर्वांचा मिळून असतो. पुढे सांगितलेल्या बऱ्याच चुका एवढी एक गोष्ट नजरेआड झाल्यामुळे होतात.

प्रबंधांमध्ये वारंवार दिसणारा निष्कर्ष असा: टी पेशींना लगाम घालणाऱ्या पीडी-१ प्रथिनाचे जनुक, म्हणजे पीडीसीडी१, एका गटात चौपट आढळले; सबब त्या गटातील टी पेशी थकलेल्या, म्हणजे निष्प्रभ झालेल्या, आहेत. समजा, एका गाठीत सीडी८ (मारक) टी पेशी शेकडा ५ आहेत, दुसरीत शेकडा २० आहेत आणि प्रत्येक पेशीतील पीडीसीडी१ तंतोतंत सारखे आहे. तरीही दुसऱ्या गाठीचा आकडा जवळपास चौपटच येईल. सीताबर्डीच्या बाजारातला गोंगाट वाढला तो माणसे वाढल्यामुळे की तीच माणसे मोठ्याने बोलू लागल्यामुळे, हे दुरून ऐकून ठरवता येत नाही. म्हणून सीडी३ई आणि सीडी८ए या टी पेशींची ओळख पटवणाऱ्या जनुकांचे आकडे आधी पाहावेत. तेही त्याच प्रमाणात वाढले असतील, तर फरक बहुधा पेशींच्या संख्येत आहे, आणि त्याची खात्री त्याच गाठीच्या काचपट्टीवर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (प्रतिपिंडांनी विशिष्ट प्रथिने रंगवून पेशी ओळखण्याची चाचणी) करून घेता येते. दोन प्रतिकार-जनुकांचे आकडे एकत्र वरखाली होतात एवढ्यावरून एक जनुक दुसऱ्याचे नियंत्रण करते असे लिहिणे, हे तर निव्वळ धाडस आहे.

एकाच जनुकावरून पेशी ओळखणेही महागात पडते. माणसामध्ये सीडी४ हे मोनोसाइट आणि मॅक्रोफेज यांवरही असते, त्यामुळे सीडी४ वाढले म्हणजे मदतनीस टी पेशी वाढल्या असे होत नाही. फॉक्सपी३ हे नियामक टी पेशींचे जनुक खरे, पण उद्दीपित झालेल्या साध्या टी पेशींतही ते काही काळ दिसते.

अशा मिश्र आकड्यांतून पेशींचा अंदाज काढणारी, २०१५ साली प्रसिद्ध झालेली सिबरसॉर्ट ही संगणकीय पद्धत ५४७ जनुकांच्या एलएम२२ तक्त्यावरून २२ प्रकारच्या प्रतिकारपेशींचे प्रमाण काढते. तिच्या नेहमीच्या मांडणीत सर्व प्रमाणांची बेरीज १ होते. म्हणजे ते प्रमाण संपूर्ण गाठीतील नसून प्रतिकारपेशींच्या आपसातील असते. मॅक्रोफेज घटले, की टी पेशींचा वाटा काही न घडताही वाढलेला दिसतो. तिला आकडेवारी लॉग न घेतलेली द्यावी.

आता नमुन्याकडे येऊ, कारण तेथे बिघडलेले पुढे कोणत्याही गणिताने सुधारत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून सर्वांना आरएनए नासण्याची धास्ती असते. ती योग्यच आहे. मात्र गाठीचा रक्तपुरवठा तुटल्यावरही पेशी काही काळ जिवंत राहतात आणि तेवढ्या वेळात फॉस, जून यांसारखी ताणाला प्रतिसाद देणारी जनुके उसळी घेतात, हे लक्षात घेतले जात नाही. आरएनएच्या अखंडतेचा आकडा उत्तम असूनही हा बदल लपून राहू शकतो. त्यासाठी रक्तवाहिनी बांधल्याची, तुकडा कापल्याची आणि तो द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकल्याची वेळ नोंदवहीत लिहावी. आरएनए-लेटर हे आरएनए टिकवणारे द्रावण वापरणार असल्यास तुकड्याची निदान एक बाजू अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा कमी असावी, अन्यथा द्रावण आतपर्यंत वेळेत पोहोचत नाही. व्रण पडलेल्या पृष्ठभागावरून तुकडा घेतल्यास न्यूट्रोफिलांची गर्दी मोजली जाते, हेही ध्यानात असावे. कर्करोगाचे नमुने एका दिवशी आणि निरोगी ऊतींचे नमुने दुसऱ्या दिवशी तपासू नयेत. तसे केल्यास रोगामुळे पडलेला फरक आणि दिवसामुळे पडलेला फरक वेगळे करता येत नाहीत.

एकेका पेशीचे आरएनए वाचण्याचे तंत्र वापरले म्हणून वरील अडचणी संपत नाहीत. ३७ अंशांवर विकरांनी गाठ सुटी करताना तीच ताणाची जनुके जागी होतात, आणि नाजूक व अल्प आरएनए असलेले न्यूट्रोफिल पुष्कळदा निसटून जातात. मोठी चूक मात्र संख्याशास्त्रात होते: सहा रुग्णांच्या तीस हजार पेशी म्हणजे तीस हजार स्वतंत्र नमुने नव्हेत. प्रत्येक रुग्णाच्या एकाच प्रकारच्या पेशींची बेरीज करून सहा नमुन्यांचीच तुलना करावी, मग पी-मूल्य (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) कितीही निराशाजनक येवो.

एक किरकोळ वाटणारी बाब राहिली. एक्सेल मार्च१ या जनुकाच्या नावाची तारीख करून टाकते. २०२० साली त्याचे नाव मार्चएफ१ असे बदलण्यात आले, तरी जुन्या तक्त्यांत जुनेच नाव असते. तेव्हा फाइल एक्सेलमध्ये आयात करताना जनुकांच्या नावांचा स्तंभ ‘टेक्स्ट’ म्हणून निवडावा.