बेळगावात ख्रिस्ती ऑपेरा बसवायचाय? मग हे वाचा

तारण, स्वर्ग-नरक असल्या विषयावर ऑपेरा करायचा असेल तर कथा शोधत बसू नका, इटालियन संगीतकार काव्हालिएरीचं आत्मा आणि शरीर यांच्या वादाचं गाण्यातलं नाटक घ्या, १६०० साली रोममध्ये झालेलं, त्यात आत्मा, शरीर, काळ, सुख, देवदूत हीच पात्रं आणि शेवटी नरकातले नि स्वर्गातले जीव समोरासमोर गातात. मराठी बोल मात्र ओवीत बसवा. गोव्यातले मिशनरी फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा १६१६ मध्येच ओवीत छापलीय, त्यामुळं कानाला परकं वाटायचं नाही.

गाणारे काय आपल्याकडं कमी नाहीत, अण्णासाहेब किर्लोस्कर इथल्याच गुर्लहोसूरचे की ओ! पण नाट्यसंगीतवाल्यांना आधीच सांगून ठेवा, तान लांबवायची नाही, वन्समोअर घ्यायचा नाही. चर्चच्या क्वायरला सूर फिक्स लागतोय, म्हणून सगळ्यांची पट्टी पहिल्या तालमीलाच ठरवा आणि पेटी नि कीबोर्ड एकमेकांशी जुळतात का बघा, नाहीतर सगळी बोंब.

नरक म्हटलं की धूर आणि लाल लाइट, सगळेच करतात, बोअर होतंय. त्यापेक्षा नरकवाल्यांना स्टेजच्या खाली अंधारात बसवून खर्जात गायला लावा, स्वर्गवाले मागं उंच प्लॅटफॉर्मवर, मधे आत्मा एकटाच. बास.

स्क्रिप्ट तुमच्या चर्चच्या फादरांना आधी दाखवा. कन्नड प्रेक्षक असणारच, तर गोष्टीचा सारांश कन्नडातपण छापा. आणि उघड्यावर करत असाल तर रात्री १० च्या आत आटपा, त्यानंतर लाउडस्पीकर चालत नाही.