पंप निवडण्याआधी टाकीत डोकावा: इंधनप्रणालीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

इंधनप्रणालीच्या विभागात रुजू झाले तेव्हा माझ्याकडे आलेलं पहिलंच काम मला सोपं वाटलं होतं. चाचणीची एक गाडी, टाकीत पेट्रोल कमी असलं की, लांब वळणावर झटके द्यायची. पंप ताशी 80 लिटरचा होता. मी कॅटलॉग काढला आणि ताशी 120 लिटरचा पंप सुचवला. तो बसवला आणि गाडी आधीपेक्षाही लवकर झटके द्यायला लागली.

कारण सापडायला दोन आठवडे लागले. टाकीच्या तळाशी पंपाभोवती एक छोटं भांडं असतं. कुणी त्याला स्वर्ल पॉट म्हणतं, कुणी रिझर्व्हॉयर. टाकीतलं पेट्रोल वळणावर एका कडेला पळालं तरी या भांड्यात थोडं उरतं आणि पंप तेवढ्या वेळेपुरता त्यावर चालतो. आमच्या भांड्यात 600 मिलिलिटर मावत होतं. ताशी 80 लिटर म्हणजे सेकंदाला साधारण 22 मिलिलिटर, म्हणजे भांडं 27 सेकंदांत रिकामं. ताशी 120 लिटरला 33 मिलिलिटर, म्हणजे 18 सेकंद. त्या वळणावर इंजिन खरं तर ताशी 20 लिटरसुद्धा पीत नव्हतं. बाकीचं पेट्रोल रिटर्न पाइपने परत येत होतं, पण पाइपचं तोंड भांड्याच्या बाहेर उघडत होतं. मोठ्या पंपाने भांडं जास्त वेगाने उपसलं, एवढंच झालं. जुनाच पंप ठेवून आम्ही रिटर्न भांड्यात आणला. तेच 600 मिलिलिटर दीड मिनिटाहून जास्त पुरायला लागलं.

तेव्हापासून पंपाबद्दल कुणी काही विचारलं की मी आधी एकच गोष्ट विचारते: पंपाच्या तोंडाशी या क्षणी काय आहे? पेट्रोल, हवा, वाफ की पाणी? पंप पुढे किती दाब देतो हे कॅटलॉगमध्ये छापलेलं असतं. त्याच्या तोंडाशी काय पोहोचतं ते मात्र टाकीच्या आकारावर ठरतं, आणि ती टाकी तुम्हाला बनवायची असते.

वळणाचं गणित शाळेतलंच आहे. गाडीवर आडवं 0.5 जी, म्हणजे गुरुत्वाच्या निम्मं, त्वरण आलं की पेट्रोलचा पृष्ठभाग सुमारे 27 अंशांनी कलतो. टाकी 80 सेंटिमीटर रुंद असेल तर पातळीत दोन टोकांमध्ये 40 सेंटिमीटरचा फरक पडायला हवा, आणि टाकीची उंची असते जेमतेम 20. म्हणजे कमी भरलेल्या टाकीत सगळं पेट्रोल एका कोपऱ्यात जाऊन बसतं आणि मधला तळ कोरडा पडतो. कागदावर हे मला पटलं होतं, पण अंगात मुरलं ते पारदर्शक टाकी पाहिल्यावर. कलत्या टेबलावर ती बसवली होती, आत रंगीत द्रव. टेबल कललं, निळी पातळी भांड्याच्या कडेखाली सरकली, आणि पंपाचा एकसुरी घुंऽऽ आवाज अचानक चढा, चरचरीत झाला. हवा ओढणाऱ्या पंपाचा तो आवाज एकदा कानात बसला की पुढे गाडीच्या मागच्या सीटवर बसूनही ओळखता येतो. संधी मिळेल तेव्हा तो मुद्दाम ऐका.

भांडं भरतं ठेवायला जेट पंप वापरतात. बारीक छिद्रातून वेगाने सुटणारी पेट्रोलची धार आजूबाजूचं पेट्रोल ओढून भांड्यात नेते. हलणारा एकही भाग नाही, आणि म्हणूनच मला तो फार आवडतो. मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या शाफ्टवरून खोगिरासारखी बसणारी दोन कप्प्यांची टाकी असते, तिथेही पलीकडच्या कप्प्यातलं पेट्रोल असाच जेट पंप अलीकडे आणतो. पण छिद्र बारीक असल्यामुळे एखादा कचरा अडकला की तो मुकाट्याने बंद पडतो. काटा पाव टाकी दाखवत असताना गाडी बंद पडली, तर मी आधी तिथे बघते.

आता उष्णता. पेट्रोलमधले हलके घटक 35 अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळायला लागतात. वर खेचून घेणाऱ्या पंपाच्या तोंडाशी दाब आणखी कमी होतो, आणि तिथे बुडबुडे उठतात. हाच व्हेपर लॉक. म्हणून पंप टाकीत बुडवतात आणि तिथून 3 ते 5 बार दाबाने (1 बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) पुढे ढकलतात, कारण दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. सिलिंडरमध्ये थेट फवारा मारणाऱ्या पेट्रोल इंजिनांत पुढे कॅमवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या फुगवट्याच्या चाकावर, चालणारा दुसरा पंप असतो, 200 ते 350 बारचा. डिझेलच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना इंधन देणाऱ्या सामाईक नळीत, हा आकडा 2000 च्याही वर जातो. नव्या मुलामुलींना हेच आकडे खुणावतात, ते साहजिक आहे. पण मागून येणारे 5 बार डळमळले की पुढचे 350 उभे राहू शकत नाहीत.

पेट्रोलमध्ये विजेची मोटर बुडवायची म्हटलं की अनेकांना धडकी भरते. मलाही भरली होती. पेट्रोलची वाफ हवेत साधारण 1.4 ते 7.6 टक्के असेल तेव्हाच पेट घेते. पंपाच्या आत हवाच नसते, आणि टाकीतल्या मोकळ्या जागेत वाफेचं प्रमाण एरवी या मर्यादेच्या बरंच वर असतं. शिवाय तेच पेट्रोल मोटरला थंड ठेवतं आणि वंगणही पुरवतं. म्हणून कोरडा पंप फार काळ टिकत नाही.

क्षमता ठरवायची रीत अशी. इंजिन 100 किलोवॅटचं, दर किलोवॅट-तासाला 300 ग्रॅम पेट्रोल धरलं तर ताशी 30 किलो, म्हणजे सुमारे 40 लिटर. त्यावर जेट पंपाचा वाटा, गरम पेट्रोल, पंपाची झीज. आणि व्होल्टेज! थंडीत स्टार्टर फिरताना बॅटरी 8-9 व्होल्टपर्यंत खाली येते, आणि पंपाचा प्रवाह तिच्याबरोबर कोसळतो. व्होल्टेज बॅटरीवर मोजू नका, पंपाच्या कनेक्टरवर मोजा, तेही पंप चालू असताना. दोन पंप बदलूनही न सुटलेली एक तक्रार शेवटी अर्थिंगच्या गंजलेल्या बोल्टवर सुटली होती. त्या एका जोडावर 2 व्होल्ट जात होते.

टाकीला श्वास लागतो, हे विसरायला होतं. 50 लिटर पेट्रोल 20 अंशांनी तापलं की जवळजवळ 1 लिटरने फुगतं, म्हणून वर जागा सोडायची. वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये जाते, तिथून इंजिन ती ओढून घेतं. हा मार्ग तुंबला आणि पंप उपसत राहिला तर आत निर्वात होतो. 10 किलोपास्कल ऐकायला किरकोळ वाटतं, पण पाव चौरस मीटरच्या पृष्ठभागावर त्याचं 2500 न्यूटन होतं, म्हणजे अडीचशे किलोचं वजन ठेवल्यासारखं. अशा गाडीचं झाकण मी उघडलं तेव्हा हवा सूंऽऽ करत आत गेली आणि आत गेलेला टाकीचा तळ ठप् आवाज करून जागेवर आला.

टाकी कशाची, हे बहुतेक वेळा तुम्ही येण्याआधीच ठरलेलं असतं. प्लॅस्टिकची असेल तर साधारणपणे सहा थरांची, त्यात पेट्रोलची वाफ अडवणारा ईव्हीओएच नावाच्या प्लॅस्टिकचा थर अगदी पातळ. संयुक्त राष्ट्रांच्या नियम 34 प्रमाणे अशी टाकी उणे 40 अंशांवर लंबकाचा आघात सोसते. मग अर्धी भरून पेटत्या इंधनावर 2 मिनिटं धरली जाते, त्यातलं 1 मिनिट थेट ज्वाळेत, आणि तरी ती गळता कामा नये. ही चाचणी एकदा तरी समोर उभं राहून बघा. जाडीच्या ड्रॉइंगवर सही करताना हात आपोआप थांबतो.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल वेगळं प्रकरण आहे. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, म्हणून प्रवाह वाढवावा लागतो, आणि रबरी सील, पाइप सगळे पुन्हा तपासावे लागतात. पाणी जास्त शिरलं तर इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो, आणि जड असल्यामुळे तळाशी बसतो. म्हणजे नेमका पंपाच्या तोंडाशी.

अभ्यासाचं विचाराल तर द्रवयांत्रिकीतलं सक्शन हेडचं, म्हणजे पंपाच्या तोंडाशी किती दाब उरतो त्याचं, प्रकरण पुन्हा वाचा, परीक्षेपुरतं केलं असेल तर पहिल्यापासून. मल्टिमीटर सराईतपणे वापरायला शिका. आणि रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, निकामी होऊन परत आलेले पंप कुठे ठेवतात ते विचारा. परवानगी घ्या, पेट्रोल पूर्ण निथळून वाळलंय याची खात्री करा, आणि चार-पाच पंप हाताच्या करवतीने कापा. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारा कार्बनचा कम्युटेटर किती झिजलाय, पेट्रोल ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकावर, म्हणजे इंपेलरवर, चरे कुठे आहेत ते बघा. खालची जाळी कापून पांढऱ्या कागदावर झटका. लाल पूड पडली तर गंज, काळी चिकट असेल तर विरघळणारं रबर, आणि बारीक पांढरे तंतू असतील तर कुणीतरी टाकी फडक्याने पुसलेली असते.