प्रतापनगरच्या घराची किंमत काढताना

बाबा गेल्यावर नागपूरच्या प्रतापनगरातल्या घराची वाटणी निघाली. घर दादा ठेवणार आणि मला व धाकट्याला आमच्या हिश्श्याचे पैसे देणार, एवढं ठरलं. मग दादा रेडीरेकनरचा आकडा घेऊन आला: 74 लाख. धाकट्याला दलालानं सांगितलं होतं सव्वा कोटी. दोघंही खोटं बोलत नव्हते, तरी दोन महिने घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून हिशेब माझ्याकडे आला. तो कसा केला, ते सांगते.

रेडीरेकनर म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाचा वार्षिक मूल्य दर तक्ता. दर विभागाच्या संकेतस्थळावर दिसतो, पण चौरस मीटरचा. नागपुरात आपण चौरस फुटात बोलतो, म्हणून त्याला 10.764 नं भागा. हा तक्ता मुख्यतः मुद्रांक शुल्कासाठी असतो. खरेदीखतातली रक्कम आणि तक्त्यानं निघणारी किंमत, यांत जी जास्त, तिच्यावर शुल्क बसतं. मोठ्या पट्ट्याला एकच दर लागतो, त्याला तुमची गल्ली दिसत नाही. शिवाय 2022 नंतर हे दर थेट 1 एप्रिल 2025 ला बदलले, मधल्या काळात बाजार काही थांबला नव्हता. या आकड्यावर वाटणी केली असती, तर पैसे घेणाऱ्या आम्हा दोघांवर अन्याय झाला असता. मात्र विकताना तो विसरू नका. रेकनरची किंमत करारातल्या रकमेच्या 110 टक्क्यांहून जास्त निघाली, तर आयकर खातं रेकनरचाच आकडा धरतं.

दलालाचा आकडा हा मागणीचा असतो. सौदा खरंच कितीत झाला हे पाहायचं तर त्याच संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये जा आणि आसपासच्या प्लॉटचे इंडेक्स 2, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे सारांश, काढा. त्यात दोन रकमा असतात, ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’. इथे माझीही आधी गफलत झाली. ‘बाजारभाव’ या रकान्यात रेकनरची किंमत असते, व्यवहाराची रक्कम ‘मोबदला’मध्ये. काही सौद्यांत रोख वेगळी दिलेली असते, म्हणून एकाच दस्तावर विसंबू नका.

मला जवळपासचे चार दस्त मिळाले. एक बक्षीसपत्र होतं, ते बाजूला ठेवलं. एक कोपऱ्याचा प्लॉट, तोही सोडला. उरलेली दोन जुनी घरं पाडून बांधण्यासाठीच घेतलेली, म्हणजे ती किंमत जवळजवळ जमिनीचीच: फुटाला 6,200 आणि 6,300. ती 30 फुटी रस्त्यावर, आपलं घर 20 फुटी. मी 6,000 धरले.

पुढे बांधकाम. प्लॉट 1,500 फूट, म्हणजे जमिनीचे 90 लाख. बांधकाम 1,100 फूट, 1995 चं. आज तसंच बांधायला फुटाला 1,800 धरले तर 19.80 लाख. इमारतीचं आयुष्य 60 वर्षं आणि शेवटी भंगार 10 टक्के धरलं, तर 30 वर्षांची घट 45 टक्के होते. उरले 10.89 लाख. एकूण एक कोटी 89 हजार.

भाड्यावरूनही करून पाहिलं. महिना 18,000 भाडं, वर्षाचे 2.16 लाख, 3 टक्के परतावा धरला तर 72 लाखच. स्वतंत्र घराला ही पद्धत लागू पडत नाही, कारण तिथे मोल जमिनीचं असतं. दुकानाच्या गाळ्याला ती शोभते. महानगरपालिकेच्या घरटॅक्स बिलावरचं करयोग्य मूल्य तर पाहूच नका, ते विक्रीची किंमत नव्हे.

तुलना करताना नागपुरात दोन गोष्टी विचाराच. प्लॉटला नागपूर सुधार प्रन्यासचं आर.एल., म्हणजे नियमितीकरणाचं पत्र आहे का? नसेल तर बँक काचकूच करते आणि भाव पडतो. आणि 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेच्या पुरात त्या घरात पाणी शिरलं होतं का? अंबाझरी लेआऊटकडचा सौदा तुलनेला घेत असाल तर हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मी काढलेला आकडा भावांना दाखवला, पण मीही हिस्सेदारच. म्हणून नोंदणीकृत मूल्यांकनकार बोलावला आणि त्याची फी तिघांनी सारखी भरली. त्यानं 1 कोटी 2 लाख लिहिले. त्याच्याकडून 1 एप्रिल 2001 ची किंमतही लिहून घ्या. घर त्याआधीचं असेल, तर पुढे विकताना भांडवली नफ्यासाठी खरेदी किंमत म्हणून ती धरता येते, पण त्या तारखेच्या रेकनरच्या किमतीहून जास्त नाही.

आम्ही एक कोटीवर थांबलो. दादाला कर्ज काढावं लागलं. बँकेनं स्वतःचा मूल्यांकनकार पाठवला, त्याचे 92 लाख. धाकटा पुन्हा अस्वस्थ झाला. त्याला समजावलं, की कर्ज बुडालं तर घाईत विकून किती सुटतील हे बँक बघते, आपल्याला ते बघायचं नाही. दादाला 45 लाख मिळाले. त्यातून धाकट्याचा पूर्ण हिस्सा आधी दिला, त्याच्या मुलीची कॉलेजची फी भरायची होती. माझी उरलेली रक्कम दिवाळीत यायची आहे.