बँकेचं ईसीजीसी म्हणजे तुमचं ईसीजीसी नव्हे

गोंदियाचा तांदूळ किंवा भिवापुरी मिरची बाहेरदेशी पाठवायला निघालेल्याला आयईसी (आयात-निर्यात कोड), आरसीएमसी (निर्यात परिषदेचं नोंदणीपत्र), एलसी (खरेदीदाराच्या बँकेची पैशांची हमी) समजावत बसत नाही. नवखा माणूस अडकतो तो बँकेच्या मंजुरीपत्रातल्या एका ओळीत: 'ईसीजीसी कव्हर लागू'.

ईसीजीसी म्हणजे निर्यातीचे पैसे बुडण्यावर विमा देणारी सरकारी कंपनी. ओळ वाचून वाटतं, विमा झाला. झालेला नसतो. पॅकिंग क्रेडिट, म्हणजे माल पाठवण्याआधीचं कर्ज, देताना बँक स्वतःच्या कर्जासाठी जे कव्हर घेते, ते हे. तुम्ही कर्ज थकवलं तर भरपाई बँकेला मिळते. दुबईच्या खरेदीदाराने पैसे बुडवले तर तुमच्या हाती यातला रुपयाही येत नाही. बँकेला भरपाई मिळाली म्हणून तुमचं कर्जही फिटत नाही. वसुली तुमच्याचकडून चालू राहते. वर तुमचं नाव ईसीजीसीच्या स्पेसिफिक अप्रूव्हल लिस्टमध्ये गेलं, की कव्हरखाली नवं कर्ज देण्याआधी बँकेला ईसीजीसीची संमती घ्यावी लागते. प्रीमियम तुमच्या खात्यातून कापला असला तरी यात फरक पडत नाही. म्हणून कागदावर विमाधारक कोण आहे ते वाचा. बँकेचं नाव असेल तर तुमच्याकडे पॉलिसी नाही, मॅनेजरसाहेब तोंडी काहीही म्हणोत.

घाबरू नका, ईसीजीसीकडून स्वतःच्या नावाची पॉलिसी काढणं अवघड नाही. ती सांभाळणं कटकटीचं आहे. माल निघण्याआधी त्या खरेदीदारावर क्रेडिट लिमिट, म्हणजे किती उधारीपर्यंत विमा चालेल ती मर्यादा, मंजूर करून घ्या. '१० वर्षांची ओळख आहे भाऊ, लिमिट कशाले पायजे' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. नेहमीच्या शिपमेंट पॉलिसीत महिन्याच्या शिपमेंटचं डिक्लरेशन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जातं. पैसे ३० दिवसांहून जास्त थकले की तेही कळवायचं. खरेदीदाराला मुदत वाढवून द्यायची किंवा पडून राहिलेला माल दुसऱ्याला विकायचा, तर आधी ईसीजीसीला विचारायचं. इथे चुकलात तर क्लेम अडतो. भरपाई साधारण ९० टक्के धरा. १० लाखांच्या बिलावर उरलेला लाख तुमचाच. माझ्या मते हे सगळं महागड्या निर्यात-कोर्सवाल्यापेक्षा कस्टम ब्रोकरकडचा जुना कारकून नीट सांगतो.

सरकारने ईसीजीसी १९५७ मध्ये एक्सपोर्ट रिस्क्स इन्शुरन्स कॉर्पोरेशन म्हणून सुरू केलं. एखाद्या देशात युद्ध पेटलं किंवा तिथून परकीय चलन बाहेर पाठवणं बंद झालं, तर तो फटका एकटी राईस मिल सोसू शकत नाही. अनेक देशांतल्या अनेक खरेदीदारांचा धोका एकत्र केला की तो झेपतो. मग आपला निर्यातदार ६० किंवा ९० दिवसांची उधारी देऊ शकतो. आगाऊ रक्कम मागत बसला तर ऑर्डर उधारी देणाऱ्या दुसऱ्या देशाकडे जाते.

पण यात सगळं बसत नाही. कंटेनरमध्ये पाणी शिरलं तर मरीन विमा वेगळा. डॉलर पडला तर तोटा तुमचा. बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवल्याने वरुड-मोर्शीत भाव पडतो, तोही विम्यातला धोका नव्हे. सगळ्यांत वाईट म्हणजे गुणवत्तेचा वाद. 'ओलावा जास्त, तुकडा जास्त' म्हणून खरेदीदाराने पैसे अडवले, तर बहुधा त्याच्याच देशातल्या कोर्टात जिंकल्याशिवाय क्लेम मिळत नाही. त्यामुळे करारात ओलाव्याची आणि तुकड्याची टक्केवारी आकड्यात लिहा, माल भरताना स्वतंत्र सर्व्हेअरचा तपासणी अहवाल घ्या आणि सीलबंद नमुना पैसे येईपर्यंत जपून ठेवा.