केल्टिक कथांतले केस आणि डीएनए: या विषयावर थिसिस करणार असाल तर

आयर्लंडवर एकामागून एक आक्रमण करून आलेले कथांतले लोक, फिर बोल्ग, तुआथा डे डानन, मग मिलेशियन, हा क्रम तुम्हाला माहीत असणारच, त्यामुळे थेट मुद्द्यावर येते. मी यात सहा महिने घालवलेत, तुमचे जाऊ नयेत.

१६५० मध्ये दुआल्तख मॅक फिरविसिग या आयरिश वंशावळकारानं वंशावळीच्या ग्रंथात जुना समज लिहून ठेवलाय, काळ्या केसांचे चुगलखोर ते फिर बोल्गचे वंशज, सोनेरी केसांचे धिप्पाड ते तुआथा डे डाननचे. आणि २०१६ ला बेलफास्टजवळच्या बॅलिनाहॅटीच्या बाईचा जीनोम, म्हणजे सांगाड्यातला सगळा डीएनए, वाचून प्रसिद्ध झाला, पाच हजार वर्षांपूर्वीची शेतकरी समाजातली, केस काळे, डोळे तपकिरी. मला वाटलं जमलं, फिर बोल्ग म्हणजे हेच लोक! एक्सेल उघडलं आणि कथांतली पात्रं केसांच्या रंगानुसार भरत सुटले.

फसले ते इथे. दा देर्गाच्या वाड्याच्या कथेत कोनारे राजाच्या पुढे तीन स्वार जातात, त्यांना मी 'लाल केस' कॉलममध्ये तीन नोंदी म्हणून टाकलं. पण त्यांचे घोडे लाल, कपडे लाल, शस्त्रंही लाल, आणि ते स्वतःच सांगतात की जिवंत असलो तरी आम्ही मेलेलेच आहोत. तो लाल परलोकाचा, मरणाच्या शकुनाचा. त्यातून लोकसंख्या कशी मोजणार? कू खुलिन या वीराचे केस मुळाशी तपकिरी, मध्ये रक्तासारखे, टोकाला सोनेरी, तो कुठल्या कॉलममध्ये? एताइन या नायिकेचे केस एकाच वर्णनात पिवळ्या आयरिसच्या फुलासारखे आणि तांबूस सोन्यासारखेही. शिवाय आक्रमणांची ती सगळी मांडणी ११व्या शतकातल्या पंडितांची, बायबलच्या कालगणनेत आयर्लंड बसवायला केलेली, बॅलिनाहॅटीच्या बाईनंतर चार हजारांहून जास्त वर्षांनी.

जुन्या भाषांतरांवर विसंबू नका, प्लीज. 'दुव' (काळा), 'दोन' (तपकिरी), 'फिन' (गोरा, सोनेरी), 'रुअध' आणि 'देर्ग' (दोन्ही लाल) हे रंगांचे शब्द प्रत्येक वेळी ईडिल या जुन्या आयरिशच्या ऑनलाइन शब्दकोशात उघडून बघा, फुकट आहे. आणि पहिल्याच मीटिंगला "छान विषय" म्हणणारा गाइड मला तरी नको, "कुठलं हस्तलिखित?" विचारणारा धरा, सुरुवातीला रडवेल पण तोच वाचवेल.

घाबरून विषय मात्र सोडू नका. न्यूग्रेंज या आयर्लंडमधल्या प्रागैतिहासिक थडग्यात पुरलेल्या माणसाचे आईबाप २०२० च्या डीएनए अभ्यासात अगदी सख्ख्या नात्यातले निघाले, आणि शेजारच्या डाउथ या तशाच थडग्याच्या नावाची मध्ययुगीन कथा राजा आणि त्याच्या बहिणीच्या संबंधाचीच आहे. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. तिथे निदान जागा एकच आहे, तिथून सुरुवात करता येते. मी शेवटी एक्सेलमधला एकच कॉलम ठेवला, 'लाल', आणि त्यातल्या प्रत्येक नोंदीपुढे कथेत पुढे कोण मरतं ते लिहिलं, थिसिस त्यावरच झाला.