धंदा का बसला? आठ कप चहा मांडून बघा

आमच्या दाजींची चहाची टपरी आहे. मागच्या वर्षी त्यांनी पावडर बदलली, जरा स्वस्तातली घेतली, आणि दोन महिन्यात गल्ला खाली आला. दाजी म्हणे पावडरच नडली, ताई म्हणे समोरचं ऑफिस हललं ते नाही दिसत का. घरोघरी हेच चालतं, ज्याचा आवाज मोठा त्याचं कारण खरं.

तर पहिलं काम, प्रश्न बारीक करा. "धंदा का बसला" याचं उत्तर कुणाच्या बापाला मिळणार नाही. "नवीन पावडरीची चव गिऱ्हाइकाला ओळखू येते का" याचं मिळतं.

मग आपलं म्हणणं वहीत लिहा आणि त्याच्याच खाली लिहा की काय दिसलं तर मी चुकलो असं मानेन. हे आधीच लिहायचं हां, नंतर लिहिलं की माणूस आकडे आपल्या बाजूनं वळवतो, मी पण वळवलेत.

आता चाचणी. ही आयडिया रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाची, 1935 च्या पुस्तकात आहे, एक बाई म्हणायच्या की कपात दूध आधी घातलं की चहा आधी ते मी चवीवरून सांगते, ते खरं का नुसतं नशीब हे आठ कप देऊन तपासायचं. आपण आठ कप घ्यायचे, चार जुन्या पावडरीचे, चार नव्या, दूध साखर सारखी, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा, आणि कप देणाऱ्याला पण माहीत नको कुठला कुठला (नाहीतर तोंडावरून कळतं). गिऱ्हाइकानं जुने चार ओळखायचे. आठातून चार निवडायचे 70 प्रकार होतात, म्हणजे नुसत्या नशिबानं सगळे बरोबर यायचा चान्स 70 त 1. पण चारातले तीनच जमले तर फार खूष होऊ नका, तीन किंवा जास्त नशिबानं जमायचा चान्स 70 त 17 आहे, जवळपास पाव.

दाजींच्या रोजच्या गिऱ्हाइकाला चारातले दोन जमले. यावरून चव सारखीच आहे हे सिद्ध होत नाही, पावडरीवर खापर फोडायला पुरावा नाही एवढंच, आणि एका माणसावर थांबू नका.

विचारायचं कुणाला हे पण बघा. 1936 ला अमेरिकेत लिटररी डायजेस्ट मासिकानं 20 लाखांवर उत्तरं गोळा केली आणि तरी अध्यक्ष कोण होणार ते साफ चुकलं, कारण उत्तरं आली ती ठराविक लोकांचीच. टपरीवर उभ्या माणसाला "येणं का बंद केलं" विचारून काय मिळणार, तो तर आलाय.

शेवटी ताईनं गल्ल्याची वही वेळेप्रमाणे पाडली. सकाळचा धंदा होता तेवढाच, दुपारी चार ते पाचचा निम्मा. ऑफिसवाल्यांची चहाची वेळ.

दाजींनी तरी जुनी पावडर परत आणलीच.