परदेशी ऑर्डरच्या आधीची तयारी

गिऱ्हाईक शोधण्याआधी आपला टॉवेल मोजून घ्या. सोलापुरात बहुतेकदा उलटं चालतं. ओळखीतून दुबईचा नंबर मिळतो, फोटो जातात, भाव जातो आणि समोरून 'टेस्ट रिपोर्ट पाठवा' आलं की पळापळ सुरू होते. म्हणून आधी जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. गोल कटरने, बॉर्डर सोडून, १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापायची, तिचं ग्रॅममधलं वजन १०० ने गुणायचं. चकती ५ ग्रॅम भरली तर कापड ५०० जीएसएम. एका चकतीवर विसंबू नका. निरनिराळ्या मागांवरचे, दोन्ही पाळ्यांतले टॉवेल घ्या. नमुना विणताना मालक मागाशी उभा असतो, ऑर्डरचा माल मात्र रात्रपाळीतही निघतो.

त्यानंतर रंग. धुतल्यावर टॉवेल किती आटतो, रंग किती सुटतो, हे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून लेखी घ्या. युरोपात माल जाणार असेल तर घातक अमाईन रसायनं सोडणाऱ्या अझो गटातल्या रंगांवर तिथे बंदी आहे, मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅम. रंगाई बाहेरून करून घेत असाल तर डाइंगवाल्याकडून रंगांची बिलं आणि कंपनीची पत्रकं आजच मागून ठेवा. 'आपला माणूस आहे' हे उत्तर रिपोर्टमध्ये चालत नाही. कापडात घातक रसायनं नाहीत असं सांगणारं ओएको-टेक्ससारखं प्रमाणपत्र गिऱ्हाईक मागेल तेव्हा घ्या, पण धाग्यापासून लेबलपर्यंतची कागदपत्रं आधीपासून सांभाळा.

सरकारी कागद त्या मानाने सोपे. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठीचा सरकारी क्रमांक, काढा, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो ऑनलाइन अद्ययावत करा, नाहीतर बंद पडतो. बँकेकडून एडी कोड (परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) घेऊन तो न्हावा शेवा बंदरासाठी नोंदवा. सुती टेरी टॉवेलचा एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा जगभर चालणारा क्रमांक, ६३०२६० ने सुरू होतो, तो बिलावर बरोबर हवा. भाव एफओबी (माल बोटीवर चढेपर्यंतचा) दिलाय की सीआयएफ (पुढचं भाडं आणि विमा धरून), हे कोटेशनमध्ये स्पष्ट लिहा. लाकडी पॅलेट वापरणार असाल तर लाकडातली कीड मारणाऱ्या उष्णता-प्रक्रियेचा आयएसपीएम-१५ शिक्का बघूनच घ्या. आणि सोलापुरी चादर, टॉवेल यांना इथे भौगोलिक मानांकन आहे म्हणून परदेशात नाव आपोआप सुरक्षित होत नाही, तिथली नोंदणी वेगळी.

डाळिंबवाल्यांचं गणित बाजारात नाही, फवारणीच्या वहीत आहे. औषध कोणतं, किती, कोणत्या तारखेला मारलं, तोडणीला किती दिवस उरले होते, सगळं त्याच दिवशी लिहा. तेल्या रोग दिसला की दुकानदार सांगेल ते मारायचं, ही सवय निर्यातीच्या बागेला परवडत नाही. ज्या औषधाला युरोपने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. युरोपसाठी अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल-निर्यात संस्थेच्या अनारनेट या ऑनलाइन यंत्रणेवर बागेची नोंदणी हंगामाआधी करा. शंका असेल तर केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र हाकेवर आहे, तिथे विचारा.

घरातलं कुणी नर्सिंगला किंवा शिकायला बाहेर जाणार असेल तर भाषेच्या परीक्षेइतकंच नावाकडे लक्ष द्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, डिग्रीवर आईचं नाव जोडलेलं, पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग, हे सर्रास दिसतं. अपोस्टिलचा, म्हणजे परदेशासाठी कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का कागदावर बसतो, स्पेलिंग सुधारून देत नाही. दहावी-बारावीची दुरुस्ती शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडे जाते आणि वेळ खाते, तेव्हा ती पासपोर्टचा अर्ज भरण्याआधीच सुरू करा.